एकाच फोटोचं पुस्तक

मराठी विभागातला कॉम्प्युटर जुना होता आणि प्रियदर्शनी कोळेकरचे फोटो फार मोठे होते. एकेक फोटो फाईलमध्ये घातला की पडद्यावर निळं चक्र फिरायला लागायचं. ती खाली जाऊन बाटली भरून यायची, तरी ते फिरतच असायचं. मग फोटो एकदम उगवायचा, पण भलत्याच ठिकाणी. मेंढरांचा कळप दोन पानं पुढं निघून जायचा, त्याच्याखालची ओळ मागं एकटी पडायची, आणि आधी नीट बसवलेली एखादी म्हातारी समासाबाहेर अर्धी लटकायची. म्हातारीला ओढून जागेवर आणावं तर मेंढरं गायब. सेव्ह करायला जावं तर फाईल बंद.

प्रियदर्शनी सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. शुक्रवार पेठेत अंकिता नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. मूळची ती सांगोल्याकडची. घरची मेंढरं, घरातच घोंगडी विणायचा माग. तिनं स्वतःचा कॅमेरा घेतला होता आणि सुट्टी लागली की ती गावाकडं पळायची. लोकर कातरणारे चुलते, सूत काढणारी चिमाबाई आत्या, चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणलेली काळी घोंगडी, असं सगळं तिनं चार-पाच वर्षं टिपलं होतं. प्रत्येक फोटोतल्या माणसाचं नाव तिला ठाऊक होतं, कारण त्यातली निम्मी माणसं तिची भावकीच होती.

विभागप्रमुख डॉ. आबासाहेब रणनवरे यांनी ते फोटो एकदा बघितले आणि म्हणाले, "मॅडम, याचं पुस्तक झालं पाहिजे. आपण दोघं मिळून करू."

दोघं मिळून म्हणजे लिहायचं तिनं, फोटो तिचे, आणि सरांनी तपासायचं. तिची काही तक्रार नव्हती. तिनं त्याच दुपारी आत्याला फोन करून सांगितलं होतं.

प्राचार्यांसमोर पुस्तकाचा कच्चा आराखडा दाखवायची बैठक ठरली. सगळा स्टाफ जमला. प्रियदर्शनीनं फाईल उघडली आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं. पंख्याची घरघर आणि खुर्च्यांचे आवाज. कुणीतरी घड्याळ बघितलं. शेवटी पडद्यावर दोन ओळी आल्या, की फाईल उघडताना अडचण आली आहे. तिनं पुन्हा उघडून बघितली. पुन्हा त्याच दोन ओळी.

"मॅडम," आबासाहेब खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "मेंढरं हाकणं वेगळं आणि फाईल हाकणं वेगळं."

सगळे हसले. प्राचार्यही हसले. प्रियदर्शनीचे कान तापले. तिनं कुणाकडंच बघितलं नाही, पडद्यावरच्या त्याच दोन ओळी वाचत राहिली.

"फोटोंचा पेन ड्राइव्ह आणि तुमचं लिखाण युवराजसरांकडं द्या," सर पुढं म्हणाले. "ते बघतील तांत्रिक बाजू. तुम्ही तुमचे तास बघा."

तिनं दोन्ही दिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. जूनमध्ये तास मिळणार की नाही हे सरांच्या सहीवर ठरायचं.

खोलीवर आल्यावर तिनं अंकिताला सगळं सांगितलं. अंकिता एका छापखान्यासाठी पत्रिका, जाहिराती, पुस्तिका यांची मांडणी करायची. ती ताटात कडक भाकरी मोडत म्हणाली, "तू फोटो फाईलच्या पोटात घालायलीस. पोट फुटणारच की."

"मग कुठं घालायचे?"

"घालायचेच नाहीत. एका फोल्डरमध्ये बाहेर ठेवायचे आणि फाईलला नुसते जोडायचे. फाईल उघडली की ती त्या फोल्डरात जाऊन बघती आणि तिथं त्या नावानं जे असंल ते दाखवती. मग फाईल हलकी राहती. फक्त सांभाळायचं. फोल्डर हलवलास तर रिकामी चौकट दिसणार. त्याच नावानं दुसरा फोटो ठेवलास तर दुसराच दिसणार."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" अंकिता म्हणाली.

महिन्याभरानं युवराज पाटोळे स्टाफरूममध्ये तिच्याशेजारी येऊन बसला. तो बार्शीकडचा, तिच्यासारखाच तासिका तत्त्वावरचा, सरांच्या मर्जीतला. माणूस वाईट नव्हता. सांगितलेलं करायचा आणि न सांगितलेलं करायचा नाही.

"मॅडम, लई वैताग आलाय," तो म्हणाला. "मी फोटो बारीक करून घातले तर सर म्हणतात धूसर दिसतात. मोठे घातले तर लॅपटॉप बंद पडतोय. आणि सर रोज मनोगतात नवी ओळ घालायलेत. तुम्ही जरा बघता का?"

तिनं त्याचा लॅपटॉप पुढं ओढला. पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव होतं, 'काळी लोकर'. त्याखाली लिहिलं होतं, लेखन आणि छायाचित्रे: डॉ. आबासाहेब रणनवरे. तिनं पानं सरकवली. तिचं नाव शेवटच्या पानावर आभारांत सापडलं, चहा-पाण्याची व्यवस्था बघणाऱ्यांच्या आधी. तेही 'प्रियदर्शिनी' असं चुकलेलं.

युवराज खिडकीबाहेर बघत राहिला.

तिनं मधली पानं वाचली. लिखाण तिचंच होतं. फक्त जिथं तिनं 'माझे चुलते मायाप्पा' लिहिलं होतं तिथं 'तेथील एक मेंढपाळ' झालं होतं. अधूनमधून सरांची वाक्यं घुसवली होती, की वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, मुक्कामी असताना लेखकाने काय काय अनुभवलं. आणि चिमाबाई आत्याचा तो फोटो, मांडीवर लोकर आणि तोंडभर हसू असलेला, त्याच्याखाली लिहिलं होतं: एक अज्ञात धनगर वृद्धा.

ती लॅपटॉप तसाच उघडा ठेवून सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, पुस्तकावर माझं नाव नाही."

आबासाहेब पेपर तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आभारात आहे की. बघा नीट."

"लिहिलंय मी. फोटो माझे आहेत."

"मॅडम, कॅमेऱ्याचं बटण कुणीही दाबतं. त्यामागची दृष्टी विभागाची आहे." मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज मऊ केला. "तुम्हाला पुढं कायम व्हायचंय ना? मग आत्तापासून नावासाठी भांडू नका. आमच्या गुरूंची पुस्तकं आम्हीसुद्धा लिहिली आहेत."

"निदान आत्याचं नाव तरी घाला. ती अज्ञात नाही."

"वाचकाला काय फरक पडतो? चिमाबाई काय आणि अजून कोणी काय." ते हसले. "या तुम्ही."

ती बाहेर आली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. छातीत काहीतरी घट्ट आणि गार बसलं होतं, आणि त्यानं तिला बरं वाटत होतं. ती स्टाफरूममध्ये गेली आणि युवराजच्या शेजारी बसली.

"फोटो पोटात घालू नका," ती म्हणाली. "नुसते जोडा. मी मूळ मोठे फोटो माझ्या इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर ठेवते आणि तो फोल्डर तुमच्या लॅपटॉपला जोडून देते. फाईल एकदम हलकी होईल आणि फोटो झकास दिसतील."

तासाभरात काम झालं. पानं भराभर सरकायला लागली, एकही फोटो जागचा हलेना. मोठ्या पडद्यावर लावून बघितलं तर घोंगडीचा धागान् धागा दिसत होता. युवराज इतका खूश झाला की कँटीनमधून स्वतः चहा घेऊन आला.

"मॅडम, तुमी लई मोठ्या मनाच्या," तो म्हणाला.

प्रियदर्शनीनं चहा घेतला. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तिच्या मनात आलं, की प्रकाशनाच्या दिवशी पडद्यासमोर हाच उभा असणार आहे. मग तिनं तो विचार बाजूला सारला.

नेमकं काय करायचं हे तिचं अजून ठरलेलं नव्हतं. फोल्डर काढून घेतला तर रिकाम्या चौकटी दिसतील, सर म्हणतील तांत्रिक अडचण, लोक टाळ्या वाजवून जेवायला जातील. तेवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. ती रविवारी गावाकडं गेली.

चिमाबाई ओसरीवर सूत काढत बसली होती. प्रियदर्शनीनं मोबाइलवर तिला पुस्तकाचं पान दाखवलं आणि लेखकाच्या वाड्यावरच्या मुक्कामाची वाक्यं आणि फोटोखालची ओळ वाचून दाखवली.

"अज्ञात म्हंजी?" चिमाबाईनं विचारलं.

"जिचं नाव ठाऊक नाही ती."

"पर तुला ठावं हाय की."

"मी नाही लिहिलं, आत्या. सरांनी लिहिलं."

"त्यो कोन सर? त्यो गाडीतनं आल्याला?" चिमाबाईचा हात थांबला. "त्यो तर हितं खाली उतरलासुदिक न्हाय. मी च्या घिऊन ग्येले तर काच खाली घ्येईना. आनि म्हनं त्यो वाड्यावर ऱ्हायला व्हता?"

"पुस्तकात तसंच लिहिलंय."

चिमाबाईनं सुताकडं बघितलं, मग भाचीकडं. "आनि तू गप बसनार हायस व्हय?"

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

आत्या बोलली तेव्हाच तिला तो फोटो आठवला. मागच्या हिवाळ्यात सर एकदा आले होते, 'क्षेत्रभेट' म्हणून. मेंढरं बसवायला लावलेल्या वाघरीच्या जाळीपासून लांबच त्यांनी गाडी थांबवली. वास येतो म्हणाले. तुम्ही उरका, मी इथंच बसतो, फोन आहेत म्हणाले. तेवढ्यात कळप परतला आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी वाहत पुढं गेला. प्रियदर्शनीनं कळपाचा म्हणून फोटो घेतला होता, पण मधोमध ती पांढरी गाडी आली म्हणून बाजूला टाकला होता.

सोलापुरात परतल्यावर तिनं तो शोधून काढला आणि पडदाभर मोठा केला. चारी बाजूंनी काळी-पांढरी मेंढरं. मधे बंद काचेची गाडी. काचेमागं डॉ. आबासाहेब रणनवरे, नाकावर दाबून धरलेला रुमाल, डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या. काचेबाहेर हातात कपबशी घेऊन उभी असलेली चिमाबाई. फोटो इतका स्वच्छ आला होता की रुमालाची नक्षीसुद्धा दिसत होती.

अंकितानं तो बघितला आणि रुमालावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "किती पानं हायत?"

"सगळ्या पानांवर लावणार."

"तास जातील तुझे."

"जाऊ देत."

प्रियदर्शनीनं त्या फोटोच्या प्रती केल्या आणि पुस्तकातल्या एकेका फोटोचं नाव एकेका प्रतीला दिलं. ते काम तिनं सावकाश केलं, चवीनं केलं. मायाप्पाच्या नावाला सर. मागाच्या नावाला सर. आत्याच्या नावाला सर.

प्रकाशनाला कॉलेजचं सभागृह भरलं होतं. पुस्तक आधी ई-पुस्तक म्हणून मोठ्या पडद्यावर उघडायचं आणि मग छापायला द्यायचं, असं ठरलं होतं. सर सकाळपर्यंत मनोगत बदलत होते, त्यामुळं युवराजकडं फोटो आत कायमचे बसवलेली पक्की प्रत तयारच नव्हती. तो जोडलेली फाईलच लावणार होता. सकाळी त्यानं सगळी पानं तपासली होती आणि सगळं ठीक होतं.

वातावरणनिर्मितीसाठी सरांनी कॉलेजची बस पाठवून गावातली माणसं आणवली होती. पुरुषांना खांद्यावर घोंगडी टाकून यायला सांगितलं होतं, बाहेर ऊन चाळीसच्या वर असताना. ती सगळी दुसऱ्या रांगेत घामाघूम बसली होती. कडेला चिमाबाई.

दीपप्रज्वलन सुरू झालं तसं प्रियदर्शनी मागच्या दारानं बाहेर पडली. विभागात जाऊन तिनं अंकिताकडून आणलेला लॅपटॉप उघडला आणि फोल्डरातले फोटो बदलायला लावले. इंटरनेट संथ होतं. इतर वेळी ती सरांच्या भाषणाला कंटाळायची. आज ते लांबावं असं तिला मनापासून वाटलं, आणि ते लांबलं. मधल्या भिंतीतून त्यांचा आवाज येत होता: "मी त्यांच्यात राहिलो, त्यांच्या भाकरीचा तुकडा मोडला..." शेवटचा फोटो चढला तेव्हा टाळ्या वाजत होत्या. ती सभागृहात येऊन मागच्या रांगेत बसली.

"आता पाहुण्यांच्या हस्ते पुस्तक उघडूया," आबासाहेब म्हणाले. प्रमुख पाहुण्यांनी कळ दाबली.

शीर्षकाचं पान आलं, त्यावर सरांचं नाव. मग पुढचं पान. वर मोठ्या अक्षरांत 'मेंढपाळांच्या सहवासात लेखक' आणि खाली भिंतीएवढे सर, गाडीत, नाकाला रुमाल लावून.

काही जणांना वाटलं हे मुद्दामच असेल. युवराजनं घाईनं पुढचं पान घेतलं. 'वाड्यावरील मुक्कामात टिपलेला क्षण.' तोच फोटो. ही चौकट उभी होती, म्हणून सर लांबोडके झाले होते. पुढचं पान आडवं, तिथं ते रुमालासकट पसरट झाले. मागच्या बाकांवरून पहिलं हसू फुटलं. युवराज पान पुढं नेत होता, पुढचं तरी नीट निघेल या आशेनं, आणि प्रत्येक पानावर सर होते.

'एक अज्ञात धनगर वृद्धा.' गाडीत सर, आणि बाहेर कपबशी घेतलेली आत्या.

चिमाबाई उठून उभी राहिली. "आगं बया, ही तर मी!" ती मोठ्यानं म्हणाली. "आनि ह्यो त्योच की! काच खाली घ्येईना त्यो! च्या घ्येतला न्हाय मेल्यानं, आनि हितं म्हनतुय भाकर खाल्ली!"

मग मात्र सगळं सभागृह फुटलं. विद्यार्थी बाकं बडवायला लागले. घोंगडी घेतलेले मायाप्पा घोंगडी मांडीवर टाकून पोट धरून हसत होते. प्रमुख पाहुणे हनुवटी छातीला टेकवून खाली बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

आबासाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. प्रियदर्शनी तो चेहरा डोळ्यांनी पिऊन घेत होती. बैठकीत सगळे हसले होते तेव्हा ती कुठं बघत होती ते तिला आठवलं, आणि आता सर तसेच, कुठंच बघू शकत नव्हते.

"युवराज!" ते ओरडले. "काय केलंस हे? हरामखोरा, कुणी सांगितलं तुला?" त्यांनी त्याचा दंड धरून त्याला पडद्यापासून ओढला. तो समोरच्या गर्दीत कुणाला तरी शोधत होता, आणि ती कोण हे प्रियदर्शनीला कळलं.

ती उठली. इतक्या लोकांत आवाज पोचणार नाही असं तिला वाटलं होतं, पण तिला उभं राहिलेलं बघून हसणं ओसरत गेलं.

"त्यांना सोडा, सर. फोटो मी बदललेत. फोटो माझेच आहेत, तेव्हा मी बदलले. जे पहिले होते तेही माझे, आणि हाही माझाच. यातलं तुमचं एकच आहे, तो रुमाल."

प्राचार्यांनी चौकशी बसवली. आबासाहेब पोलिसांत जाण्याची भाषा करत होते. प्रियदर्शनीनं टेबलावर कॅमेरा ठेवला, मूळ फोटो उघडून त्यांच्या तारखा दाखवल्या, आणि म्हणाली, "जाऊया की. मीच येते तुमच्याबरोबर." त्यानंतर पोलिसांचा विषय निघाला नाही. पुस्तकही निघालं नाही. सरांनी एकदा निरोप धाडला, की फोटो वापरायची परवानगी दिली तर सहलेखिका म्हणून नाव घालू. तिनं उत्तरच दिलं नाही.

जूनमध्ये तिला तास मिळाले नाहीत. ते तिला ठाऊक होतं. पण आबासाहेब व्हरांड्यातून निघाले की पोरं एकामागून एक खिशातून रुमाल काढून नाकाला लावतात, हे अंकितानं छापखान्यात आलेल्या पोरांकडून ऐकून तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती खोलीत एकटीच मोठ्यानं हसली. दिवाळीनंतर सरांनी संस्थेच्या दुसऱ्या गावच्या कॉलेजात बदली मागून घेतली. ती बातमी ऐकून कुणाला वाईट वाटेल तर वाटो, तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तिला बार्शीच्या एका कॉलेजात तास मिळाले. तिथल्या बसस्टँडवर एका दुपारी युवराज भेटला. तोही आता सोलापूर सोडून गावाजवळच्या शाळेत लागला होता. त्यानं तिला बघितलं, जरा थबकला, आणि मग बाकावर तिच्यापासून एक जागा सोडून बसला.

"तुमी मला आधी सांगायला पाहिजे होतं, मॅडम," तो म्हणाला. "सगळ्यांपुढं माझा दंड धरला त्यांनी. माझे विद्यार्थी बसले होते तिथं."

"सांगितलं असतं तर तुम्ही गप्प राहिला असता?"

समोर एक बस आली, माणसं खिडक्यांतून पिशव्या टाकून जागा धरायला लागली.

"न्हाय," तो म्हणाला. "सरांना सांगितलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

"तुमी शेवटी उभ्या राहिलात ते बरं केलं. पण तुमी आधी बघत बसला होता. मी बघितलंय तुमच्याकडं. सर मला ओढत होते आणि तुमी बघत होता."

तो खरं बोलत होता. सरांचा चेहरा बघताना तिला युवराज दिसलाच नव्हता, आणि दिसला तेव्हाही ती लगेच उठली नव्हती. आणखी जरा वेळ, आणखी थोडं, असं तिच्या मनात होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमच्यापुरतं. सरांचं मला काही वाटत नाही."

"त्यांचं मलाबी न्हाय," युवराज म्हणाला आणि पहिल्यांदा तिच्याकडं तोंड करून बसला. "पिशवी टाकू का खिडकीतनं? गर्दी लई हाय."

तिनं पिशवी त्याच्या हातात दिली.